तोआदेरचा कान

तोआदेर म्हातारा गेला तेव्हा त्याच्या मुलीनं, डोम्निकानं, त्याचा चेहरा बघून तीन वर्षं झाली होती. कान मात्र ती दर रविवारी बघत होती.

मुलगी इटलीत, तुरिनला, एका अंथरुणाला खिळलेल्या बाईची उठबस करायला राहिली होती. तिनं आईबापांना दोन फोन पाठवले होते. बाप गुरांमागे रानात असला तरी दिसावा, एवढीच तिची इच्छा. आईनं, प्रोफिरानं, आठवडाभरात सगळं शिकून घेतलं. हिरवं दाबायचं, फोन साखरेच्या डब्याला टेकवायचा, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करायचं. तोआदेरनं मात्र तिच्या नाकी नऊ आणले. फोन वाजला की तो थेट कानाला.

"अरे, कानापासून लांब धर. तोंडासमोर. पोरगी बघतेय," प्रोफिरा ओरडायची.

"ऐकायचं असतं कानानं. तोंडासमोर धरून काय, चाटू त्याला?" असं त्याचं उत्तर.

मग तुरिनमध्ये डोम्निकाला पडदाभर कान दिसायचा. आतून केस उगवलेला आणि खालच्या पाळीचा तुकडा गेलेला. तरुणपणी घोडीनं चावा घेतला होता, त्याची ती खूण. बोलणं झालं की लाल बटण दाबणं म्हाताऱ्याला ठाऊकच नव्हतं. चालू फोन तो तसाच कोटाच्या खिशात टाकायचा. पुढं अंधार, आणि त्या अंधारात त्याची पावलं, खोकला, घोडीला घातलेल्या शिव्या. डोम्निकाही फोन तोडत नसे. त्या बाईच्या चादरींना इस्त्री करता करता ती ऐकत राहायची.

तो गेला तेव्हा तिला येता आलं नाही. शवपेटीतल्या तोंडाचा फोटो पाठवायला प्रोफिराचा हात धजला नाही. दफन झाल्यावर डोम्निका फोनवर एवढंच म्हणाली, "आई, मला बाबाचं तोंड आठवतच नाही गं. डोळे मिटले की कानच येतो." त्या दिवसापासून ते वाक्य प्रोफिराच्या जिवाला लागलं होतं.

चाळिसाव्याला, म्हणजे मेलेल्याचा जीव घर कायमचं सोडतो त्या चाळिसाव्या दिवशी, तिनं नवऱ्याच्या नावानं दान केलं. मेलेल्याच्या नावानं इथं जे जित्याच्या हातात द्याल, ते तिकडं त्याला मिळतं, हे त्या गावात शेंबडं पोरही सांगेल. कोट, लोकरी टोपी, घोंगडी, बसायचं स्टूल, पाण्यानं भरलेली बादली, सगळं गावात वाटलं. शेवटी त्याचा फोन उरला. पेटलेली मेणबत्ती आणि पाव त्याच्यासोबत ठेवून तिनं तो समोरच्या घरातल्या कसांद्राला दिला.

"इथं तुझा, तिथं तोआदेरचा."

"देव त्याला क्षमा करो," कसांद्रा रीतीप्रमाणे म्हणाली आणि लगेच कुजबुजली, "पण बाई, हा वाजला तर मी करू काय?"

"शिकवते उद्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रोफिरानं तिला जवळ बसवून शिकवलं. "आता घरी जा आणि मला लाव. माझ्या नावावर बोट ठेव, मग छोटा कॅमेरा दिसतो ना, त्यावर. आणि कानाला लावलास तर बघ."

"मी काय तोआदेर आहे?" असं म्हणून कसांद्रा गेली.

बाहेर धुकं कुंपणापर्यंत उतरलं होतं. प्रोफिरानं फोन डब्याला टेकवला आणि वाट बघत बसली. जरा वेळानं तो वाजला. वर नाव तोआदेरचंच आलं, तिनं ते बदललं नव्हतं. तिनं हिरवं दाबलं.

कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तिचं स्वतःचं तोंड, काळा रुमाल बांधलेलं. मोठ्या चौकटीत कान.

प्रोफिराला हसू आलं. "कसांद्रे, काय सांगितलं होतं? कानापासून काढ."

कान हलला नाही. त्याच्यामागं राखाडी उजेड होता आणि उघड्या माळावर येतो तसा वाऱ्याचा आवाज.

"ऐकतेस का गं?"

तेवढ्यात दार उघडलं आणि चिखलाच्या पायांनी कसांद्रा आत आली. फोन तिच्या हातात होता. "हा चालूच होईना बघ. काळा ठिक्कर पडलाय. मघापासून दाबतेय, चार्जिंग संपलं वाटतं."

प्रोफिरानं तिच्याकडं बघितलं. मग पडद्याकडं बघितलं. कानात केस होते. खालच्या पाळीचा तुकडा नव्हता.

कसांद्राची पाचावर धारण बसली. तिनं छातीवर क्रूस काढला. "लाल दाब. प्रोफिरा, आधी लाल दाब."

प्रोफिराचं बोट लाल बटणापर्यंत गेलं. ती घाबरली होती. पण मुलीचं ते वाक्य कानात घुमलं आणि बोट तिथून सरकलं. बोलणं चालू असताना तिसऱ्या माणसाला कसं बोलवायचं, हेही ती शिकली होती. तिनं डोम्निकाचं नाव दाबलं.

डोम्निका ओल्या हातांनीच पडद्यावर आली. "आई, आज मध्येच कशी..." ती बोलायची थांबली. तो कान जगात तिच्याइतका कुणी बघितला नव्हता.

"बाबा?"

"तोआदेर," प्रोफिरा म्हणाली. तीन वर्षं ओरडून सांगितलेलं तिनं या वेळी हळू सांगितलं. "कानापासून लांब धर. तोंडासमोर. पोरगी बघतेय."

कान हळूहळू लहान झाला. गाल दिसला, मिशी दिसली, काल दान दिलेली टोपी दिसली. मग सगळं तोंड, शवपेटीत ठेवायच्या आधी केलेली दाढी तशीच गुळगुळीत. तो त्यांच्याकडं बघत नव्हता. नवशिके बघतात तसा कोपऱ्यातल्या स्वतःलाच बघत होता, आणि ओळख पटत नसल्यासारखा खूप वेळ बघत होता. मग त्याची नजर मुलीवर आली. ओठ हलले, आवाज आला नाही.

"दिसलास, बाबा," डोम्निका म्हणाली. "नीट दिसलास."

त्यानं मान हलवली आणि सवयीप्रमाणे चालू फोन खिशात टाकला. अंधार झाला. पावलं सुरू झाली, एक पाय थोडा ओढत. बराच वेळ ती मऊ मातीवर पडत राहिली. मग तारेची कडी कुरकुरली. फाटकाची ती कडी त्यानंच जुन्या तारेची वळली होती, तसा आवाज गावात दुसऱ्या कुठल्या फाटकाला नव्हता. तो आवाज फोनमधून आला आणि बाहेरच्या धुक्यातूनही आला.

"घरी येतोय तो," कसांद्राच्या तोंडून कसंबसं निघालं.

"येऊ दे," डोम्निका रडायला लागली. "आई, तोडू नकोस गं."

प्रोफिरालाही तो यायला हवा होता. इतका, की एक हात दाराच्या कडीकडं गेलाही होता. पण चाळिसावं झालेल्याला परत घरात घेतलं तर त्याला इथंही थारा नाही आणि तिथंही नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि आपल्या हातानं लाल दाबायचं म्हणजे अंगणात आलेल्या नवऱ्याच्या तोंडावर दार लावायचं. तेही तिच्यानं होईना.

"तोआदेर," ती फोनवर वाकून म्हणाली, "पोरीनं तुला बघितलं. काम झालं. आता खिशातून काढ आणि लाल दाब. खाली आहे बघ. तूच दाब."

अंगणातली पावलं थांबली. कापड सळसळलं. पडदाभर एक अंगठा आला, फुटक्या नखाचा. मग त्याची चौकट विझली आणि मायलेकी दोघीच उरल्या.

"त्यानं आयुष्यात कधी फोन स्वतःहून बंद केला नव्हता," डोम्निका म्हणाली.

"शिकला," प्रोफिरा म्हणाली आणि तिला हुंदका फुटला.

मग डोळे पुसून, शाल घेऊन ती बाहेर गेली. फाटक सताड उघडं होतं आणि तारेची कडी अजून हलत होती. ती हलायची थांबेपर्यंत प्रोफिरा तिथं उभी राहिली. मग तिनं फाटक ओढून घेतलं आणि कडी आतून अडकवली.