जळका पुदिना

म्हाताऱ्याने पळी उगारली आणि थोरलीच्या मनगटावर हाणली. तिच्या हातातलं पातेलं निसटलं, ओट्याच्या कडेवर आपटलं आणि हिरवट-पांढरं दही फरशीभर पसरलं.

"शिळा पुदिना घातलास," तो म्हणाला. "माझ्या खानावळीत शिळा पुदिना!"

"सकाळी खुडलाय, बाबा. मागच्या वाफ्यातला."

दुसरा तडाखा कोपरावर बसला. भांडी घासणाऱ्या मावशीने मोरीतला नळ जरा मोठा सोडला, म्हणजे आपल्याला काही ऐकूच आलं नाही असं नंतर म्हणायची सोय झाली. थोरलीने फडकं घेतलं आणि गुडघे टेकून दही पुसायला लागली. पुसता पुसता त्या पानांचा वास असा गार, असा कोवळा तिच्या नाकात शिरत होता की शिळेपणाची शंका आंधळ्यालाही आली नसती. पण या स्वयंपाकघरात ब्र काढला की काय होतं ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

खानावळ चालत होती ती म्हाताऱ्याच्या नाकावर. तो चव कधीच घेत नसे. पातेल्यावर वाकायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, हे बाहेर जाईल, हे जाणार नाही. लोक लांबून जेवायला यायचे ते पुदिन्याच्या पदार्थांसाठी. दह्यात घालायचा तो हाताने तोडून, कारण सुरी लागली की पान काळं पडतं. मांसाला चोळायचा तो मिठाबरोबर वाटून. आणि वाटाण्याच्या सुपावर ओतायचा तो वाळलेला, तळहातांवर चुरून, कढत लोण्यात टाकून लगेच विस्तवावरून उतरवलेला. जरा उशीर झाला की सगळं कडू. एवढं शिकताना थोरलीने बोटांवर सुरीची मूठ खाल्ली होती, दंडावर तापलेल्या कढईचा कान सोसला होता. धाकट्या भावाने तर पाठीवर काय काय झेललं त्याला सुमार नव्हता.

तो धाकटा थंडीच्या दिवसांत घर सोडून गेला होता. दुसरीकडे काम मिळालंय, मी जातो, एवढंच तो बोलला. म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने चुलीतला चिमटा ओढला आणि तसाच लालबुंद पोराच्या मानेवर टेकवला. मांस करपल्याचा वास आला. पोरगा किंचाळला आणि त्याने दोन्ही हातांनी बापाला ढकललं. म्हातारा मागच्या मागे पडला. त्याचं डोकं मोरीच्या दगडी कठड्यावर आपटलं, आणि भांड्यांच्या राखाडी पाण्यात रक्त मिसळत गेलं. धाकटा तसाच अनवाणी पळाला.

"तेलावरून घसरलो," म्हातारा डॉक्टरला म्हणाला.

टाके काढताना डॉक्टरने सहज विचारलं होतं, "वास नीट येतो ना? डोक्याला मागून मार लागला की कधीकधी जातो."

"आचाऱ्याला विचारताय?" म्हातारा गुरगुरला होता. थोरली शेजारीच उभी होती.

तेव्हापासून त्याचा हात जास्तच सुटला. पातेली भिरकावली जायची, ताटं फुटायची. भाजीवाल्याचे कान धरून त्याला हाकलून झालं. थोरलीला वाटायचं, पोरगा गेल्याचं दुःख असेल. मग एकदा स्टोव्हचं रॉकेल सांडलं आणि पुदिन्याची एक जुडी नेमकी त्यात पडली. ती टाकून द्यायला म्हणून तिने बाजूला ठेवली होती. म्हाताऱ्याने ती उचलली, रुबाबात नाकाला लावली, डोळे मिटले.

"हां," तो म्हणाला. "असा पाहिजे पुदिना."

थोरलीने जुडी त्याच्या हातातून हळूच काढून घेतली आणि मागच्या दारी जाऊन मातीत पुरली. नाक गेलं होतं. नाकावरचा राग तेवढा शाबूत होता. आपल्याला कळलंय असं कळू दिलं असतं तर त्याने तिला जिवंत सोडलं नसतं. आणि खानावळ मोडली असती तर तिला जायला जागाही नव्हती. सासरचं दार तिच्यापुरतं कधीच बंद झालं होतं.

आज दही पुसून झालं, दुपारची गिऱ्हाइकं जेवून गेली, आणि मागच्या दारात कुणीतरी उभं राहिलं. खांद्यावर पिशवी, मानेवर चिमट्याचा गुळगुळीत, गुलाबी डाग.

"बाबा," धाकटा म्हणाला.

म्हाताऱ्याने ओट्यावरचा सत्तूर उचलला.

"मारा," धाकटा आत आला. पिशवी खाली ठेवली. "मारायचंच असेल तर मारा. मी या वेळी हात लावणार नाही. माफी मागायला आलोय."

सत्तूर आडवा फिरला. पात्याची सपाट बाजू पोराच्या तोंडावर बसली तसा नाकाचा कट्कन आवाज झाला आणि रक्ताची धार ओठांवरून हनुवटीवर आली. तो डगमगला, पण हात खालीच ठेवले. म्हाताऱ्याने पुन्हा सत्तूर उचलला. आता धार पुढे होती, हे थोरलीने पाहिलं. धाकट्यानेही पाहिलं असावं. त्याने बापाचं मनगट पकडलं. दोघं एकमेकांना रेटत चुलीवर आदळले. थोरली मध्ये घुसली, आणि हाडांच्या रश्श्याचं उकळतं पातेलं तिच्या हातावर कलंडलं.

तिची किंकाळी ऐकून दोघंही थिजले. सत्तूर फरशीवर पडला. धाकट्याने तिला ओढत नेलं आणि हात नळाखाली धरला. मावशी मलम आणायला बाजारात पळाली.

"ताई, ताई गं. माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे!" थोरली उसळली. "तुला माहीत तरी आहे का, त्या दिवशी तू यांचं काय—"

म्हाताऱ्याचा पंजा तिच्या तोंडावर बसला. ओठ दातांत चिरडला. पण तो पंजा मारून मागे गेला नाही, तसाच दाबून राहिला. त्या पंजाच्या वरून तिने बापाच्या डोळ्यांत पाहिलं. त्या डोळ्यांत तिने आजवर राग पाहिला होता, माज पाहिला होता. भीती पहिल्यांदाच पाहत होती.

"डोकं फुटलं होतं," म्हातारा पोराला म्हणाला. "टाके पडले. भरून आलं. बायकांना साधं काही सांगताच येत नाही."

"दुसरं काही नाही ना, बाबा? मला झोप लागत नाही तिकडे. ते रक्त दिसतं."

"मी काय मेलो का? उभा आहे ना समोर?"

धाकटा भिंतीला टेकून रडायला लागला, अगदी लहान पोरासारखा. मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, नाकात कापसाचे बोळे कोंबले, हात धुतले. "वाटाण्याचं सूप करतो," तो म्हणाला. "तिकडे शिकलो नीट करायला. तुम्ही वास घेऊन सांगा. तुम्ही 'जाईल बाहेर' म्हणालात तर मी इथेच राहतो."

म्हाताऱ्याने वाटाण्यांच्या डब्याकडे बोट केलं. तेवढंच त्याला पुरलं.

थोरली स्टुलावर हात ओल्या फडक्यात गुंडाळून बसली होती. धाकट्याने वाटाणे शिजवले, घोटले, लोणी कढत ठेवलं. वाळलेला पुदिना तळहातांवर चुरला. त्याने तो लोण्यात टाकला आणि डोळे पुसायला वळला. तेवढ्यात व्हायचं ते झालं. पुदिना करपला. कडू, राखेसारखा वास स्वयंपाकघरभर झाला, थोरलीच्या घशाला खवखव सुटली. पण पोराच्या सुजलेल्या नाकात कापूस होता. त्याने लोणी सुपावर ओतलं आणि पातेलं बापासमोर धरलं.

"माझं नाक चोंदलंय, बाबा. तुम्हीच सांगा."

म्हातारा वाकला. डोळे मिटले. खोल श्वास घेतला. मग तोंडावर ते जुनं, ऐटबाज समाधान आलं आणि त्याने "हां" म्हणायला तोंड उघडलं.

थोरली उठली. शाबूत हाताने तिने पातेलं धाकट्याच्या हातातून हिसकावलं आणि मोरीत फेकलं. सूप भिंतीवर उडालं.

"जळलाय!" ती ओरडली. "हे त्यांच्या नाकाखाली धरतोस? बाबा आज तुझ्याकडे बघून गप्प बसले. नाहीतर हे तुझ्याच डोक्यावर ओतलं असतं त्यांनी!"

धाकटा दोन पावलं मागे सरला. "तू तर अगदी बाबांसारखी झालीस, ताई."

म्हातारा सावकाश सरळ झाला. "बरोबर बोलली ती," तो म्हणाला. "जळलाय. गच्चीवर नवा वाळत घातलाय, तो घेऊन ये."

धाकट्याची पावलं जिन्यावर वाजली. ती वरच्या दारापर्यंत पोचेस्तोवर दोघंही हलले नाहीत.

"कधीपासून?" म्हाताऱ्याने विचारलं.

"रॉकेलात पडलेली जुडी तुम्हाला आवडली तेव्हापासून."

त्याचा हात वर गेला. बहुधा त्यालाही न कळता गेला. थोरलीने तोंड फिरवलं नाही. तिच्या फाटलेल्या ओठातून रक्त येत होतं, ते तिने गिळलं.

"मी त्याला सांगणार नाही," ती म्हणाली. "कुणालाच सांगणार नाही. वास मी घेईन, तुम्ही नुसती मान हलवा. पण हा हात खाली घ्या. आजच्यापुरता नाही, कायमचा. माझ्यावर नाही, त्याच्यावर नाही, त्या मावशीवरही नाही."

"आणि उचलला तर?"

"तर तो इथून जाताना तुमचं काय घेऊन गेला, ते त्याला सांगेन. मग तो पुन्हा जाईल, आणि त्याला तिकडेही जगता येणार नाही."

म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला. इतकी वर्षं जिला ठोकून ठोकून शिकवलं, ती हीच का, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. हात थोडा वेळ हवेतच राहिला. मग त्याने तो खाली आणला आणि ओट्यावर टेकवला, आणि दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरून ठेवलं.

धाकटा धापा टाकत खाली आला. ओंजळीत वाळलेली पानं होती. त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही," म्हातारा म्हणाला. "लोणी ठेव."

लोणी वितळलं, बुडबुडे आले, खाली बसले. धाकटा कढईवर हात धरून उभा राहिला.

"आता घालू का, बाबा?"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं, मिटलं.

"तिला विचार," तो म्हणाला, आणि ओट्यापासून बाजूला झाला.