अंडी घेऊन आलेला दुबेम

आमच्या दुबेमचा जन्म ह्यूस्टनचा. रॅप तिथेच शिकला, दोन अल्बमही काढले. ते त्याच्या आईने आणि मी ऐकले. त्याचे वडील, म्हणजे माझे दादा, घरात इग्बो बोलायचे आणि हा इंग्रजीत उत्तरं द्यायचा. दादा गेले तेव्हा मात्र त्याने ठरवलं, आता इग्बोतच गायचं.

पहिला कार्यक्रम इथे नायजेरियात, ओवेरीला, दादांच्या गावी. ढोल माझ्याकडे.

"गाणं बाबांवर आहे, काका. आधी ऐकवणार नाही," म्हणाला. मीही मागे लागलो नाही.

हॉल भरलेला. गाणं रंगलं, बायका डोळे पुसायला लागल्या. मग ध्रुवपद आलं. त्याला म्हणायचं होतं, ‘बाबा, तुमच्यासाठी रडू घेऊन आलोय.’ आमच्यात रडू आणि अंडं, दोन्ही ‘अक्वा’च, फरक फक्त सुराचा. पठ्ठ्याने पहिलं अक्षर खाली घेतलं, आणि दादांसाठी अंडी घेऊन आला.

पहिल्या खेपेला लोकांनी हसू गिळलं. दुसऱ्या खेपेला मागून कुणीतरी विचारलं, "उकडलेली का रे?" मग कोण कुणाला आवरणार? माझाही ताल चुकला.

गाणं संपवून तो आत आला. काय झालं ते मी सांगितलं.

"पुन्हा इग्बोत तोंड उघडणार नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात वहिनींचा फोन. व्हिडिओ ह्यूस्टनला पोचलासुद्धा होता. त्यांना हसू आवरत नव्हतं. "अरे, बरोबर अंडीच नेलीस तू. डॉक्टरांनी अंडी बंद केली तेव्हा माझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते ते." हसता हसता त्या रडायला लागल्या. मग हाही रडला, तेव्हा कुठे मोकळा झाला.

गाणं त्याने टाकलं नाही. पहिल्या कडव्यात अंडी ठेवली, शेवटच्यात रडू, तेही अचूक सुरात. लेगोसच्या रेडिओने ते उचललं, मग लंडनने. ह्यूस्टनला तिकिटं संपली, तेव्हा वहिनी पहिल्या रांगेत नटून बसल्या होत्या.

हल्ली नवं गाणं लिहिलं की तो मला फोन करून एकेक शब्द म्हणून दाखवतो. परवा ‘सासरा’ म्हणून दाखवला.

"सूर बरोबर आहे," मी म्हटलं. "मुलगी कुठली?"

फोन कट झाला. वहिनींना मी अजून काही बोललो नाही.