फसलेला बार

राकेशनं पोकलेनचं इंजिन बंद केलं, तेव्हाच खाणीतल्या सगळ्यांना कळलं की काहीतरी बिनसलंय. राकेश भर कामात इंजिन बंद करत नसे. डबासुद्धा वर बसून, मशीन धडधडत असतानाच खायचा.

"मॅडमला बोलवा," तो वरूनच म्हणाला. "आन् कुणी हिकडं फिरकू नका. बकेटीपाशी पिवळी वायर दिसतीय."

स्वप्ना धावत आली नाही. खाणीत धावायचं नसतं, हे सुरुंग उडवणाऱ्या गेणभाऊंनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. चालत येऊन ती वाकली. दगडांच्या राशीतून वायर डोकावत होती आणि तिच्या टोकाला जिलेटिनची न फुटलेली कांडी. बकेटीचा दात वीतभर अलीकडे थांबला होता.

तिनं सगळ्यांना मागं काढलं, लाल बावटा रोवला आणि संध्याकाळपर्यंत तो फसलेला बार नियमानं निकामी झाला. कुणाला ओरखडा उठला नाही. राकेश तेवढा शेडमागं जाऊन ओकून आला. "पोरगी पहिलीत हाय माझी," एवढंच म्हणाला.

मंचरच्या पलीकडच्या या दगडखाणीत स्वप्नाला इंजिनिअर म्हणून सात वर्षं झाली होती. बार उडाले, धूळ बसली, की इंजिनिअर आणि ब्लास्टर दोघांनी सुरुंगाच्या भोकाभोकापाशी जाऊन बघायचं आणि मगच मशीन आत सोडायचं, असा नेम होता. पण दोन वर्षांपासून ब्लास्टर गेणभाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हे स्वप्नाला ठाऊक होतं, आणखी कुणाला नाही. ती पुढं चालायची, ते मागून. बघायची ती, मान डोलवायचे ते. आणि बाळंतपणानंतर ती कामावर आल्यापासून गेणभाऊ दुपारचे बार जरा मागंपुढं करायचे, म्हणजे ऑफिसमागच्या खोलीत दार लावून तिला दूध काढून ठेवता यावं. दोघांत कधी काही ठरलं नव्हतं. एकमेकांचं झाकलं जात होतं, इतकंच.

कांडी सापडली त्या दिवशी बार लांबले. तिची छाती दगड झाली होती, शर्ट ओला व्हायला लागला होता. भोंगा वाजला, बार झाले, आणि ती खोलीत शिरली. तिथूनच तिनं फोनवर विचारलं, "बघितलं का हो?"

"बघितलं. समदे बार उडाल्यात."

मग तिनं मशीन सोडायला सांगितलं. बाहेर येऊन रजिस्टरात 'समक्ष पाहिले' लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी खाणमालक अंकितशेठनं दोघांना केबिनमध्ये बोलावलं. स्वप्नाला कामावर घेतलं होतं ते त्याच्या आजोबांनी, सुगनचंदशेठनी. अंकित तिच्याच वयाचा, शांत माणूस.

"बघायला पुढं कोण होतं?"

स्वप्नानं तोंड उघडलं, पण गेणभाऊ आधीच बोलले. "मी व्हतो. मॅडमनी नीट बघा म्हनून सांगितलं व्हतं. माजीच घाई झाली."

"ताई, तुम्ही?"

"मॅडम मागं व्हत्या," गेणभाऊच म्हणाले.

अंकितनं तिच्याकडं पाहिलं. सोमवारी निमगाव सावाची वृषाली रुजू होणार होती, खाणकामाची डिप्लोमावाली. तिच्यासाठी स्वप्नानं चार महिने शेठच्या मागं लकडा लावला होता. आता तोंडून एक वाक्य गेलं, तर 'बायका ठेवल्या की असंच' एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहील. वृषालीसाठी गप्प बसले, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते घरी पोचेपर्यंत पुरलं.

आदल्या दिवसाचं दूध फ्रिजमध्ये होतं. तिनं ते मोरीत ओतलं.

"नासलं का गं?" बाळाला खांद्यावर थोपटत आई, जानकाबाई म्हणाली.

"हो."

अंकितशेठनं त्याच दिवशी गेणभाऊंना कामावरून काढलं होतं. रविवारी ती आहुप्याच्या रस्त्याला त्यांच्या घरी गेली. ते ओट्यावर बसले होते. त्यांच्या बायकोनं, साळुबाईंनी चहा आणला.

"बरं झालं आलीस," साळुबाई म्हणाल्या. "ह्येंनी सांगितलं, डोळ्यापायी मीच काम सोडलं. पोरी, दोन वर्सं तू सांभाळून घेतलंस ह्येंना. कोन करतं एवढं?"

स्वप्नानं कप ओट्यावर ठेवला. साळुबाई आत गेल्यावर ती म्हणाली, "उद्या मी शेठना खरं सांगणार आहे."

"कशापायी? माजं डोळं तर गेल्यातच. तुला टिकायचंय अजून."

"गेणभाऊ, तुमचे डोळे मी झाकले ते काही तुमच्यासाठी नव्हतं. नवा ब्लास्टर आला तर माझं ऐकायचा नाही, ही भीती होती मला. तुम्ही मागं उभे असलात की माझा शब्द चालायचा."

गेणभाऊंनी चाचपडत आपला कप उचलला.

"म्हाइती हाय," ते म्हणाले. "मला बी पगार पायजे व्हता. च्या पी, गार व्हतोय."

सोमवारी सकाळी तिनं अंकितशेठपुढं कागद ठेवला. मी खाणीत नव्हते, न बघता सही केली, ब्लास्टरची नजर अधू आहे हे ठाऊक असून लपवलं. तीन ओळी. खोलीत कशासाठी गेले होते, ते तिनं लिहिलं नव्हतं.

अंकितनं कागद दोनदा वाचला. "ताई, हे दिल्यावर मला तुम्हाला खाणीत ठेवता येणार नाही."

"म्हणून तर दिलं."

"आणि ती मुलगी आलीय बाहेर. तिला काय सांगू?"

"जे झालं ते सांगा. माझ्या नावासकट."

"आजोबा असते तर..." अंकित म्हणाला आणि थांबला. मग त्यानं कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. "चौकशी होईपर्यंत काट्यावर बसा."

काटा म्हणजे फाटकाजवळची खोली, खडीचे डंपर जिथं वजनाला उभे राहतात. पंधरवड्यानंतरच्या एका दुपारी भोंगा वाजला, बार झाले, धूळ बसली. वृषाली नव्या ब्लास्टरला बरोबर घेऊन खाणीत उतरली. काट्याच्या खिडकीतून तिची पिवळी टोपी तेवढी दिसत होती. ती एका भोकापाशी वाकली, उठली, पुढच्यापाशी गेली, परत मागं आली. ब्लास्टर हात उडवून काहीतरी सांगत होता. ती परत वाकली.

रिकामे डंपर रांगेत तटले. मागच्यानं हॉर्न दाबून धरला. राकेश पाणी प्यायला काट्यावर आला आणि खिडकीला टेकला.

"अर्धा तास झाला राव. लई येळ लावती ही बया. तुमी बोला की मॅडम तिला."

स्वप्ना पिवळी टोपी शेवटच्या भोकाकडं सरकताना बघत होती.

"लावू दे," ती म्हणाली, आणि त्याच्यापुढं पाण्याचा जग सरकवला.