फाटकापाशी दिलेला शब्द

या, जरा पुढं सरकून बसा. मागच्यांना ऐकू जाईल एवढा माझा आवाज आता राहिलेला नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाहीही. एका घराच्या खरेदीची गोष्ट आहे. विकणारी लबाड नव्हती, घेणारा हावरा नव्हता, मध्ये आले तेही सज्जनच होते. तरी व्हायचं ते कडूच झालं. ऐकून घ्या, निवाड्याची घाई करू नका.

वरच्या खोऱ्यातल्या रेव्हनगिल गावचा विल्फ अल्डरसन दगडी बांध घालायचा. माती नाही, चुना नाही, दगडावर दगड बसवत जायचं आणि हात दीड हात उंची झाली की दोन्ही बाजू बांधणारा एक लांब दगड आडवा टाकायचा. खोऱ्यातले निम्मे बांध त्याच्या, नाहीतर त्याच्या बापाच्या हातचे. साठीला आलेला माणूस, बोलणं मोजकं. पण रविवारी चॅपेलात, गावच्या लहानशा प्रार्थनाघरात, शेवटच्या बाकापाशी उभा राहून त्यानं खर्ज लावला की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या पाठी सरळ होत.

आणि प्रवचनाला उभी राहायची मिस हॅना कॅल्व्हर्ट. पगारी पाद्री नव्हे. गावच्या शाळेत मास्तरीण होती, लग्न केलं नाही, पन्नास वर्षं रविवारचं निरूपण केलं. तिचं प्रवचन काय सांगू तुम्हाला! सुरुवात साधी, चुलीपुढं बोलावं तशी. मग बोलणं हळूहळू चढे, वाक्याला वाक्य लयीत पडू लागे, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळायचंच नाही. ओळ ती अर्धीच सोडी. कीर्तनात बुवांनी चरण सोडावा आणि मागच्या टाळकऱ्यांनी तो वरच्यावर झेलावा, तशी ती ओळ विल्फ उचले. अंगावर काटा यायचा. त्या दोघांचं एरवीचं बोलणं म्हणाल तर हवापाण्यापलीकडे फारसं नसे.

गाव मात्र रिकामं होत चाललं होतं. चाळीस घरांपैकी सव्वीस घरांच्या दाराशेजारी आकडे फिरवून उघडायची किल्लीची डबी लागलेली. सुटीला भाड्यानं पाहुणे यायचे, डबीतली किल्ली काढायचे, आठवडाभर राहून जायचे. विल्फ राहायचा ते घर जमीनदाराचं. म्हातारा जमीनदार गेला, मुलांनी तिथंही डबी लावायचं ठरवलं आणि विल्फला नोटीस दिली: मार्चअखेर घर मोकळं करा. विल्फ तिथं जन्मला होता. गावात भाड्यानं दुसरं घर नव्हतं, आणि विकाऊ घरं त्याच्या आवाक्यातली नव्हती. खोरं सोडायचं म्हणजे काय, हे त्याला समजतच नव्हतं. हात कोपरापासून सोडायला सांगावं तसं ते होतं.

सप्टेंबरात एका सकाळी मिस कॅल्व्हर्टनं त्याला तिच्या फाटकापाशी थांबवलं. गुडघे गेले होते तिचे. ती खालच्या बाजारगावात भाचीकडे राहायला जाणार होती. म्हणाली, "विल्फ, माझं घर तू घे. दोन लाख दहा हजार पौंड. त्याहून जास्त मला नको." बाजारभावापेक्षा ते कमी होतं हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघांनीही तो विषय काढला नाही. विल्फनं टोपी काढली, हात पुढं केला, तिनं तो धरला. झालं.

विल्फची बायको नोरा बाजारगावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तीस वर्षं दीडदोनशे पानांचा अंदाज घेतलेली बाई. तिनं त्याच दिवशी विचारलं, कागद काय केलास? वकिलांनी सह्या केलेले कागद एकमेकांच्या हाती पडेपर्यंत आमच्याकडे घराच्या सौद्याला कायद्यात काडीची किंमत नसते, आणि त्याला चारचार महिने लागतात.

"मिस कॅल्व्हर्टकडे कागद मागू?" विल्फ म्हणाला. "दिलेल्या शब्दावर प्रवचनं केलीत त्या बाईनं."

"प्रवचन करणाऱ्यांचेच कागद आधी करावेत," नोरा म्हणाली. पण तीही हसत होती. कोणत्या खिडकीला कसला पडदा लावायचा हे तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

बँकेनं कर्जाला होकार दिला. वकिलांचं काम मात्र रखडलं. टेकडीच्या पोटात शिशाच्या जुन्या खाणी, त्यांचा दाखला हवा. मागच्या अंगणाचा एक कागदच सापडेना. ऑक्टोबर गेला, नाताळ गेला. विल्फनं कुणालाही एकदासुद्धा घाई केली नाही. चॅपेलातल्या माणसानं चॅपेलातल्या माणसाला घाई करायची म्हणजे त्याच्यावर संशय घ्यायचा, असं तो समजे.

तेवढ्यात पेंबर्टन नवराबायको आली. डोंगर चढायला आलेली, पावसात सापडली आणि प्रार्थना चालू असताना चॅपेलात शिरली. मिस कॅल्व्हर्टनं ओळ सोडली, विल्फनं उचलली, आणि तो पेंबर्टन, मोठ्या शहरातला मोठा डॉक्टर, भरल्या चॅपेलात रडला. भरलं म्हणजे अकरा माणसं. बाहेर आल्यावर त्यानं विल्फचा हात दोन्ही हातांत धरला. असलं गाणं त्यानं ऐकलं नव्हतं. इथं आपलं घर असतं तर, असं तो पुन्हापुन्हा म्हणत होता. विल्फला माणूस आवडला. मिस कॅल्व्हर्टचं घर जाणार आहे, हेही त्यानंच भाबडेपणानं सांगितलं.

जानेवारीत मिस कॅल्व्हर्टला एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. एक चॅपेलाच्या वरच्या समितीचं: छपराची दुरुस्ती चाळीस हजारांची आहे, पैसे उभे राहिले नाहीत तर ईस्टरनंतर चॅपेल बंद करावं लागेल. दुसरं पेंबर्टनांचं, हातानं लिहिलेलं, फार अदबीचं: अडीच लाख देऊ, कर्ज नाही, रोख. तिनं दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी ठेवली. अडीच लाखांतून विल्फचे दोन लाख दहा हजार वजा केले तर छपराचे चाळीस हजारच राहतात, हा हिशेब लहान मुलालाही येईल. मास्तरणीला त्यात देवाचं अक्षर दिसलं. देवाची वाट पाहत जन्म काढलेल्या माणसाची हीच अडचण: एखाद दिवशी दोन आकडे जुळतात आणि त्याला वाटतं, आला.

तरी तिनं सरळ होकार दिला नाही. ती काठी टेकत विल्फच्या घरी आली.

चहा झाला. नोरानं सुक्या मेव्याचा केक कापला, शेजारी चीजचा तुकडा ठेवला. मिस कॅल्व्हर्ट नको म्हणाली. नोरानं पुन्हा विचारलं, ती पुन्हा नको म्हणाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, बरं, अगदी लहानसा दे. हे ठरलेलंच असतं. मेंढ्यांचं बोलणं झालं, वरच्या वाटेवरच्या बर्फाचं झालं. मग तिनं छपराचं सांगितलं. मग पत्राचं. विल्फचा कप बशीवर टेकला तो तिथंच राहिला.

"माझ्यासाठी असतं तर मी ते पत्र चुलीत घातलं असतं," ती म्हणाली. "पण चॅपेल बंद पडलं तर तू गाणार कुठं, विल्फ? मी विचारायला आले आहे. तुला फार वाईट वाटेल का?"

विल्फला बांधाचा खालचा दगड निसटावा तसं झालं. हो, वाटेल, आम्ही कुठं जाऊ, एवढंच म्हणायचं होतं. पण एक्क्याऐंशी वर्षांची बाई, त्याच्या घरात, त्याचा केक खात बसलेली, तिला नाही म्हणायचं? आणि तेही देवाच्या कामाला? त्याच्या तोंडातून त्याच्या बापाचे, आजाचे शब्द बाहेर पडले.

"छे हो, मिस कॅल्व्हर्ट. त्यात काय एवढं. आम्ही बघू काहीतरी."

"नक्की?" असं तिनं विचारलं नाही. ती आभार मानून उठली. विल्फनं तिला हात धरून फाटकापर्यंत सोडलं.

परत आला तर नोरा खुर्चीत बसली होती. ती ओरडली नाही. म्हणाली, "केकच्या तुकड्याला तीनदा विचारायचं, आणि घराला एकदाच. आणि तू, गड्या, पहिल्याच वेळेला पुढ्यातलं ताट उचलून दिलंस."

"तिला कळलं असेल," विल्फ म्हणाला. "माझ्या मनात काय आहे ते तिला कळतंच."

"मग जाऊन सांग."

तो गेला नाही. मिस कॅल्व्हर्टनं त्या पत्राला चार दिवस उत्तर लिहिलं नाही, हे पुढं भाचीकडून कळलं. चार दिवस ती खिडकीशी बसून होती. विल्फ येईल, निदान टोपी हातात घेऊन उंबऱ्यावर उभा राहील, एवढं तिला पुरलं असतं. विल्फ तेव्हा खालच्या वळणावर पडलेला बांध लावत होता. रोज दोनदा तिच्या दारावरून गेला. दोन्ही वेळा टोपीला हात लावला. तिला वाटलं, मनात काही नाही याच्या. त्याला वाटलं, अजून विचार करते आहे, आपण तगादा लावू नये. पाचव्या दिवशी पत्र टपालात पडलं.

मार्चअखेर विल्फ आणि नोरा खालच्या बाजारगावात गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली तळणाचं दुकान. खिडकीतून समोरची भिंत दिसे, विटांची, सिमेंटनं जोडलेली. वरच्या खोऱ्यातली कामं तो आताही घ्यायचा. पण रविवारी व्हॅन काढून वर जायचा ते दोन महिन्यांत थांबलं. का, म्हणून नोरानं विचारलं नाही. छपराच्या उद्घाटनाला मात्र तो गेला होता. छपरावरच्या नव्या दगडी पाट्या छान बसल्या होत्या. कारागीर म्हणून त्यानं त्या नीट न्याहाळल्या आणि चांगलं काम आहे असं सांगितलंही. त्या दिवशी मिस कॅल्व्हर्टला खालून गाडीनं आणलं होतं. तिनं ओळ सोडली. मागून कुणी उचलली नाही. विल्फ उभा होता, तोंड उघडलं होतं, सूर आला नाही. ती एकटीच पुढचं म्हणाली आणि खाली बसली.

पेंबर्टन ऑगस्टात पंधरा दिवस आली, नाताळात चार दिवस. गाणं ऐकायला दोघं चॅपेलात बसायची. ऐकणारी दोन वाढली, गाणारी मात्र कमी होत गेली. अकराचे चार झाले, चाराचे दोन. दुसऱ्या हिवाळ्यात वरच्या समितीनं चॅपेल बंद केलं. वसंतात ते विक्रीला निघालं, राहण्याचं घर करण्याजोगं म्हणून. जाहिरात विल्फनं तळणाच्या दुकानात वर्तमानपत्रात वाचली. उंच खिडक्या, खोऱ्याचं दृश्य, आणि पुढं ठळक अक्षरात: छप्पर नुकतंच नवं घातलेलं. त्यामुळे किंमतही चांगली लावली होती. त्यानं कागद घडी करून नोराला दिला. नोरानं वाचला आणि त्यावर बटाट्याची सालं काढली.

मिस कॅल्व्हर्ट तेव्हा अंथरुणाला खिळली होती. चॅपेल बंद झाल्याचं भाचीनं तिला सांगितलं नव्हतं. विल्फ भेटायला गेला. मेंढ्यांचं झालं, हवेचं झालं. मग तिनं डोळे मिटूनच विचारलं, "त्या दिवशी तुला वाईट वाटलं होतं का रे?"

"हो," विल्फ म्हणाला. "फार."

तिनं डोळे उघडले. मग म्हणाली, "मग बोलला का नाहीस? मी घर तुलाच दिलं असतं."

"मला विचारायलाच नको होतं तुम्ही," विल्फ म्हणाला. "शब्द दिला होता ना."

दोन वर्षं पोटात जपलेलं वाक्य होतं ते. बाहेर पडल्यावर त्यानं तिचा चेहरा पाहिला, आणि बांधातला दगड चुकीच्या जागी बसला की हाताला जसं कळतं तसं त्याला कळलं. पण बसला तो बसला. तिच्या ओठांची हालचाल होत होती. ऐकायला तो वाकला.

ती विचारत होती, चॅपेल तरी राहिलं ना? गातात ना अजून तिथं?

"गातात की," विल्फ म्हणाला. "रविवारी जागा मिळत नाही बसायला."

ती महिन्याभरानं गेली. तेवढं एक खोटं उशाशी घेऊन गेली, आणि ते तिला देणारा जन्मात दुसरं खोटं बोलला नव्हता. एक सोडून, 'त्यात काय एवढं'.

विल्फसाठी मी तुमच्याकडे काही मागत नाही. त्याला नोरा आहे. चुकली ती बाई चुकली. शब्द मोडला, आणि तोही देवाचं नाव घेऊन मोडला, त्याला मी पांघरूण घालणार नाही. पण पन्नास वर्षं तिनं दुसऱ्यांसाठी ओळ अर्धी सोडली, आणि आता तिच्या नावानं गायला त्या खोऱ्यात कुणी राहिलेलं नाही. तेव्हा एवढं करा: उद्या सकाळी हात जोडाल तेव्हा तुमच्या माणसांबरोबर हॅना कॅल्व्हर्टचीही आठवण काढा.