दहा लाख पावलं

टाकव्याच्या फाट्यावर टेम्पोनं श्रीपती आबांना उडवलं आणि त्यांच्या मांडीच्या हाडाचा मधला भाग चुरा झाला. दवाखान्यात स्टीलची लांब पट्टी बसवून स्क्रू मारले. डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने या पायावर भार नको.

पण आबांना डॉक्टरपेक्षा आपला पोरगा धम्मदीप मोठा. घराण्यातला पहिला डिप्लोमावाला. नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात तो अशाच पट्ट्या तपासायचा. नकली हाड करवतीनं कापायचं, पट्टीनं जोडायचं, मशीनखाली धरायचं. मशीन दाबतं, सोडतं, दाबतं, सोडतं. माणूस चालतो तसं.

खाटेवर तोंड पाडून बसलेल्या बापाला धीर द्यायला तो बोलून गेला, "आबा, हीच पट्टी मी दहा लाख पावलं चालवलीय. तुटली नाही."

"दहा लाख?" आबा बायकोकडं बघून हसले. "ऐकलंस का सरू? तुज्यापरीस टिकाऊ हाय."

धम्मदीप कामावर गेला की आबा काठी घेऊन उठायचे. विहारापर्यंत जाऊन परत, सहाशे पावलं. आल्यावर खाटेजवळच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ.

"डाक्टर येडा हाय व्हय?" सरूबाई करवादायची.

"डाक्टरनं नुसती बशिवली. तपासली माज्या पोरानं."

दोन महिन्यांनी विहाराच्या पायरीवर पट्टी तुटली.

दुसऱ्या ऑपरेशननंतर तुकडे डबीत घालून दिले. धम्मदीपनं ते जुळवून बघितले. स्क्रू नसलेल्या मधल्या भोकापाशी अशीच मोडलेली पट्टी त्यानं आधी पाहिली होती. दहा लाख चाललेल्या नमुन्यात हाडाची टोकं एकमेकांना टेकलेली होती. भार हाडच घेत होतं, पट्टी नुसती धरून होती. बोटभर फट ठेवली, चुरा झालेल्या हाडासारखी, तेव्हा सगळा भार पट्टीवर आला आणि ती चाळीस हजार पावलांत मोडली. तो आकडा कारखान्याच्या प्रदीप साहेबांनी अहवालातून काढून टाकला. गिऱ्हाईक पळालं तर? खाली सही धम्मदीपची. पगार चालू, तोंड बंद. आणि घरात सख्ख्या बापापुढंही तोच छापील आकडा तोंडात आला.

आता पाय दोन बोटं आखूड. वॉकर जन्माचा.

"तुज्या मशीनचं न्हाई चुकलं रं," आबा म्हणाले. "माजंच हाड कच्चं. दहा लाखातली लय शिल्लक हुती."

"आबा, फट ठेवली तेव्हा ती चाळीस हजारांतच तुटली होती. मला ठाऊक होतं. सही माझीच आहे."

आबा भिंतीवरच्या रेघांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सरू, पुसून टाक त्या."

सरूबाईनं फडकं ओलं केलं, पिळलं, आणि धम्मदीपच्या हातात दिलं.