तांड्याची सहा घुंगरं

आमच्या घरी नाताळाचं झाड विकत आणत नाहीत. माझ्या सासूपासूनची रीत अशी, की ओळखीच्या कुणाच्या वावरातून बोंडांसकट कपाशीची उंच पऱ्हाटी उपटून आणायची, तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून तिला उभी करायची आणि घरात जमलेलं काहीबाही तिच्यावर टांगायचं. फुटलेला कापूस फांद्यांवर आयताच असतो, बर्फ म्हणून वेगळा चिकटवायची गरज नाही. माझी सून साधना नागपूरची. तिला हे गावंढळ वाटतं. दर डिसेंबरात ती बाजारातल्या चकचकीत प्लास्टिकच्या गोळ्यांचा विषय काढते, आणि मी सांगते, मी मेले की लाव काय लावायचं ते.

२०१७ साली मात्र तिचं एक मला ऐकावं लागलं. ती म्हणाली, "आई, यंदा पऱ्हाटी नको."

त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. तसल्या उंच पिकात पाठीवर पंप घेऊन शिरलेली माणसं कीडनाशक औषधाचा फवारा नाकातोंडात जाऊन दवाखान्यात पडली, काही परत आलीच नाहीत. बहुतेक मजुरीनं गेलेली. नंतर बोंडअळीनं उरलंसुरलं खाल्लं. राळेगावात त्या दिवाळीला फटाका वाजला नाही म्हटलं तरी चालेल. मग आम्ही सरूची एक फांदी आणली. हिरवीगार होती, पण मला काही ती आवडली नाही.

दागिने मात्र जुनेच. मी चौतीस वर्षं नर्स होते, या तालुक्यातल्या उपकेंद्रांवर. सायकलीवर पेटी बांधून बाळंतपणं केली. लोक विचारायचे, शिस्टरबाई, तुम्हाला काय द्यावं? पैसा मी घेत नसे. म्हणायचे, घरातली एक लहानशी वस्तू दे, माझ्या नाताळाच्या झाडाला बांधते. नागोरावांच्या घरून निळा काचेचा मणी आला. सुताराकडून भोवरा. कुणी बैलाच्या शिंगाची पितळी शेंबी दिली, कुणी नुसतं शर्टाचं बटन. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या सहा बाळंतपणांची सहा घुंगरं होती. बायकांनी आपल्या चोळीवरची तोडून दिलेली. बाकी सजावट माझ्या हातची: सलाइनच्या नळीचे विणलेले मासे, जुन्या एक्स-रेच्या कातरलेल्या चांदण्या.

नाताळाला करंज्या खायला सगळे यायचे, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, "शिस्टरबाई, माह्यं कोणतं?" मी बोट दाखवायचे. कोण पायाळू जन्मलं, कोण सातव्या महिन्यात, तेही सांगायचे. गावात माझ्या आठवणीचा मोठा बोलबाला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो फार आवडायचा.

बावीस तारखेला दुपारी मी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते आणि साधना बांधत होती. तेवढ्यात तांड्यावरची रुपीबाई दारात उभी राहिली. तिचा बादल दसऱ्याच्या आधी गेला. चोवीस वर्षांचा. तीन दिवस दुसऱ्याच्या वावरात फवारलं, चौथ्या दिवशी त्याला दिसेना, आठव्या दिवशी संपलं. त्याचं बाळंतपण मीच केलं होतं. नंतर मी तिला भेटूनही आले होते.

"ये, बस," मी म्हटलं. ती उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली. झाडाकडे बघत राहिली.

"एक मागाले आली, शिस्टरबाई."

"माग ना."

"माह्या बादलचं घुंगरू पायजे." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्याच्या अंजूले पोरगी झाली. आठ दिस झाले. पोरीच्या करदोड्यात बांधतो म्हटलं. बापाचं तेवढं तरी तिच्या अंगावर राहीन."

"घरी त्याचं काहीच नाही का?"

"कपडे जाळले. अवषदाचा वास जाऊनच नाही राह्यला. एक फोटो हाय, आधार कार्डावरचा. त्यात तो वळखू येत नाही."

साधनानं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मी लगेच उठेन. मी मात्र बसूनच राहिले.

कारण कोणतं घुंगरू बादलचं, हे मला माहीत नव्हतं. पूर्वी होतं. सहाही घुंगरांना वेगवेगळ्या रंगाचा दोरा होता, त्यावरून मी ओळखायचे. बारा वर्षांपूर्वी साधना नवी नवरी होऊन या घरात आली. तिचा पहिला नाताळ. नागपूरच्या पोरीसमोर आपली घुंगरं काळवंडलेली दिसू नयेत म्हणून मी ती सगळी एका घमेल्यात चिंचेच्या पाण्यात टाकली. घासून लख्ख केली. कुजके दोरे फेकले आणि सहांनाही एकसारख्या लाल फिती बांधल्या. साधना म्हणाली, किती छान. दोन दिवसांनी पोरं विचारायला आली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. समोर जे आलं त्याच्याकडे बोट दाखवलं. पोरांना काय कळतंय, म्हटलं. पुढची बारा वर्षं तेच केलं.

मी उठले. मधल्या फांदीवरचं एक घुंगरू सोडलं आणि रुपीबाईच्या तळहातावर ठेवलं. "हे घे. हेच बादलचं. पहाटे जन्मला होता, नाळ गळ्यात अडकली होती. हेच दिलं होतं तू."

पहाट खरी होती, नाळही खरी होती. घुंगराचं देवाला ठाऊक.

रुपीबाईनं ते उलटसुलट करून पाहिलं. कानाशी नेऊन वाजवलं. मग मला म्हणाली, "तुमच्या येशूचं नाव घेऊन सांगा."

सजवलेल्या झाडासमोर, बावीस तारखेला, तान्ह्या पोरीच्या नावानं मागायला आलेल्या बाईसमोर मी ते नाव घेऊ शकले नाही.

"रुपी," मी म्हटलं, "मले माहीत नाही. सगळे एकात मिसळले. लय साल झाले."

साधनाच्या हातातली चांदणी तशीच राहिली. मला वाटलं होतं, रुपीबाई ओरडेल. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

"बादल सांगे मले," ती म्हणाली. "इथून करंज्या खाऊन आला का हसे. म्हणे, याडी, माय वं, शिस्टरबाई दर साली येगळंच घुंगरू दाखवते."

पोरगं बारा वर्षं ओळखून होतं. दर वर्षी माझ्यासमोर उभं राहून मान वर करून बघायचं आणि म्हणायचं, हो का, हे का माझं. गेल्या नाताळाला तर बायकोला घेऊन आला होता. तिलाही मी ऐटीत दाखवलं होतं.

"मंग मले काहून नाही बोलला तो?"

"म्या म्हटलं होतं, बोल. तर म्हणे, कायले? म्हातारी एवढ्या हौसेनं दाखवते. तिले वाईट वाटन."

साधना जवळ आली, तिला मी हातानंच थांबवलं.

"ठाऊक होतं, तर मंग तू आली कायले?" मी विचारलं. आवाज माझा उगीच चढला. लाज वाटली की मला राग येतो, जन्माची खोड.

"मले वाटलं, लेकरासंगं मजाक करत असान," रुपीबाई म्हणाली. "खरं कोणतं ते तुमाले ठाऊक असनच. आता तो नाही, तर आता खरं दाखवान."

मी झाडाकडे गेले. घाईत फिती सुटेनात. साधनानं कात्री आणून दिली. उरलेली पाचही घुंगरं कापून मी तिच्यापुढे धरली. "सहाही ने. यातलं एक त्याचं आहे, हे तर खोटं नाही. सहाही पोरीले बांध."

रुपीबाईनं हातातलं सहावं त्यांच्यात ठेवलं आणि माझी मूठ तिच्या दोन्ही हातांनी मिटवली. तिचे हात खरखरीत होते, वेचणीच्या दिवसांतले, बोटांना चिरा पडलेले.

"नाही, शिस्टरबाई. बाकीचे पाच जिते हायत. हिरासिंगचा पोरगा हाय, लालीबाईचे दोघं हायत. मेलेल्याचं म्हणून त्यायचं कसं नेऊ? त्यायच्या माया काय म्हणतीन?"

साधना चहा ठेवते म्हणाली, तर ती म्हणाली, पोरगी निजली आहे तोवर जायला पाहिजे. चौकात बस येईल. मी तिच्यामागं अंगणापर्यंत गेले. एवढ्या वर्षांत कुणाची माफी मागायची वेळ माझ्यावर आली नव्हती, म्हणून ती कशी मागतात तेही मला येत नव्हतं. मी म्हटलं, पोरीले पाहाले येईन. ती म्हणाली, या.

परत आले तर साधना विचारत होती, घुंगरं पुन्हा बांधू का. माझी मूठ अजून मिटलेलीच होती. त्या सहांतलं एक त्या पोरीच्या बापाचं होतं. त्याची ओळख मी माझ्या हातानं धुऊन पुसून टाकली होती. आणि तो मात्र माझं मन राखून गेला.