विहंगचा मवाळ अल्बम

जयेंद्रगंजातल्या मराठी घरातला विहंग जटा वाढवून जमैकाचं रेगे संगीत गातो, याचं ग्वाल्हेरात आधी हसू झालं आणि मग कौतुक. गाणी सगळी भांडणारी. लोक मुठी उगारून नाचायचे आणि हा घसा फाटेस्तोवर ओरडायचा. यंदा घसाच बसला. डॉक्टरांनी ओरडायला बंदी केली. खरं तर मन त्याआधीच थकलं होतं, घशाचं निमित्त झालं.

सिटी सेंटरच्या स्टुडिओत त्याने नवा अल्बम सुरू केला. ठेका रेगेचाच, पण संथ. एका गाण्यात सारंगी, एकात हार्मोनियम, एकात नुसतं बेस गिटार आणि त्याचा खरखरीत, हळू आवाज. ते गाणं बँकेतल्या नोकरीवरून परतलेल्या बायकोवर होतं. ती चपला न काढता पायरीवरच बसून राहते, एवढंच त्यात होतं.

पहिल्यापासून सोबत बेस वाजवणारा राघव वैतागला. "यार, ये क्या है? लोक झोपतील ना!"

"झोपू देत. दमलेत तेही."

राघवने गिटार उचललं आणि निघून गेला. आठवडाभर फिरकला नाही. मग एका दुपारी येऊन गुपचूप तारा जुळवू लागला.

"दुसऱ्या बँडबरोबर बसून आलो," तो म्हणाला. "वही शोर. हात दुखले नुसते. चल, ते पायरीवालं घेऊ."

अल्बम आला, त्या संध्याकाळी छोटा कार्यक्रम ठेवला होता. पोरं जुन्या गाण्यांसाठी ओरडत राहिली. विहंगने मान हलवून नाही म्हटलं. अर्धं सभागृह उठून गेलं. उरलेल्यांसमोर तो खुर्चीत बसून शेवटपर्यंत गायला.

बाहेर त्याची बायको अपर्णा स्कूटरपाशी उभी होती.

"पायरीवरचं गाणं माझ्यावर आहे?"

"हो."

"इतकी थकलेली दिसते मी?"

"दिसतेस."

"मग विचारायचं होतंस की. गाणं काय करत बसलास?"

त्याने तिच्या हातातली किल्ली घेतली. दाल बाजारच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा तिचं डोकं त्याच्या पाठीवर टेकलं होतं. हॉर्न वाजवायचं त्याने टाळलं.

"काय झालं बँकेत?" त्याने मागे न बघता विचारलं.

"सांगते," ती म्हणाली. "घरी पोहोचू दे आधी."